सहा चालींत संपलेला डाव आणि मोबाइल उघडायच्या आधीची दहा मिनिटं

मडगावला बुद्धिबळाची रेटिंग टुर्नामेंट होती, दुसरा राऊंड, आणि माझ्या फोंड्याच्या क्लासमधला एक ११ वर्षांचा मुलगा हॉलमधून इतक्या लवकर बाहेर आला की बाकड्यावर बसलेल्या त्याच्या आईला वाटलं पाणी प्यायला आलाय. डाव संपला होता. सहा चाली! डोळे भरलेले, हातात स्कोअरशीटची कार्बन कॉपी, आणि पहिलं वाक्य, "सर, मोबाइल द्या ना, इंजिनवर घालून बघतो." इंजिन म्हणजे डाव तपासून चांगल्या चाली दाखवणारा प्रोग्राम. मी म्हटलं, थांब जरा.

कारो-कान होता, म्हणजे काळ्याची एक ठरलेली सुरुवात (ई४, सी६ ही पटावरच्या घरांची नावं). ई४ सी६, डी४ डी५, घोडा सी३, प्याद्यानं प्यादं मारलं, घोड्यानं परत मारलं, काळ्याचा घोडा डी७. इथपर्यंत सगळं पुस्तकातलं. पाचव्या चालीला पांढऱ्यानं वजीर ई२ ला आणला, दिसायला अगदी साधी चाल, स्वतःच्याच उंटाची वाट अडवणारी. आमच्या पोरानं झटकन दुसरा घोडा एफ६ ला काढला आणि समोरून घोडा डी६, मात. ई७ चं प्यादं त्या घोड्याला मारू शकत नाही कारण ते हललं की मागचा राजा ई२ वरच्या वजिराच्या तोंडी येतो, आणि राजाला सरकायला जागाच नाही, चहूकडून आपलीच माणसं.

मी विचारलं, घोडा एफ६ का खेळलास? "सर, तिथं तोच येतो ना." आणि हे खोटं नाही! पाचव्या चालीला पांढऱ्यानं घोडा जी५ किंवा उंट सी४ केला असता तर घोडा एफ६ ही नेहमीचीच चाल. त्याला क्रम पाठ होता, त्या क्रमामागचं कारण पाठ नव्हतं.

मग मी त्याला विश्वनाथन आनंदचा डाव लावून दाखवला. १९८८, स्वित्झर्लंडमधलं बिएल, समोर कोलंबियाचा अलोन्सो झपाटा. आनंद तेव्हा १८ वर्षांचा, आदल्याच वर्षी वर्ल्ड ज्युनिअर चॅम्पियन झालेला. पेट्रोफ नावाच्या सुरुवातीत काळ्याकडून खेळताना त्यानं पाचव्या चालीला उंट एफ५ केला, झपाटानं वजीर ई२, आणि आनंदनं तिथंच डाव सोडला. इथंही ई लाईन, म्हणजे पटावरची ई ची उभी रांग, इथंही ई२ चा वजीर. ई४ वरचा काळा घोडा राजामुळे जखडलेला, हलताच येत नाही, आणि त्याला जोर द्यावा तर डी३ करून पांढरा प्याद्यानंच तो खातो. गंमत अशी की १९८७ मध्ये माइल्स आणि ख्रिस्तियान्सन या ग्रँडमास्टरांच्या डावात हाच उंट एफ५ आला होता, माइल्सनं वजीर ई२ खेळलाच नाही आणि डाव बरोबरीत सुटला. म्हणजे छापून आलेला डाव बघून कोणालाही वाटेल की चाल ठीक आहे.

आता मोबाइल का नाही दिला ते सांगतो, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. २००१ मध्ये बटरफील्ड आणि मेटकाफ या संशोधकांनी लोकांना सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारले, प्रत्येक उत्तराबद्दल किती खात्री आहे तेही विचारलं, मग बरोबर उत्तर सांगितलं आणि पुन्हा परीक्षा घेतली. वाटेल की ज्या चुकीवर माणूस ठाम असतो ती सुटायला जड जाणार, पण निघालं उलटं! खात्रीनं केलेल्या चुकाच जास्त सुधारल्या. धक्का बसतो, लक्ष एकदम तिकडे जातं आणि बरोबर उत्तर नीट बसतं, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

पण धक्का बसायला आपण काय समजत होतो ते आठवायला तर हवं. इंजिननं सुचवलेल्या चाली डोळ्यांसमोर आल्या की दोन मिनिटांत पोरगं म्हणतं, "हां, हे मला दिसलं होतं." खोटं बोलत नसतं ते. निकाल कळल्यावर आपल्याला आधीच माहीत होतं असं मनापासून वाटायला लागतं, मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफनं १९७५ मध्येच हे प्रयोगानं दाखवलं होतं. आणि उपलब्ध साधनं बघा, गोव्यात २०२५ चा बुद्धिबळ वर्ल्ड कप झाला तेव्हापासून माझ्याकडे पोरं वाढलीत आणि प्रत्येकाच्या घरच्या फोनमध्ये जगातल्या कुठल्याही ग्रँडमास्टरपेक्षा भारी इंजिन आहे, म्हणून तर हे जपून करायला हवं. त्यामुळे आमचा नियम असा की स्कोअरशीटवर सह्या झाल्या, हॉलबाहेर आलं की आधी पेन. जिथं डाव बिघडला असं वाटतं तिथं काय विचार केला होता, किती खात्री होती, दहापैकी आकडा. त्या मुलानं स्वतःहून लिहिलं: १०.

आणखी एक गोष्ट पालकांना मी मुद्दाम सांगतो. २०११ मध्ये बटलर, फेझिओ आणि मार्श यांनी बघितलं की आठवड्यानं हा सुधारणेचा फायदा टिकतो खरा, पण मधल्या काळात बरोबर उत्तर विसरलं गेलं असेल तर तीच जुनी ठाम चूक परत तोंडावर येते. घरी जाताना कदंबच्या बसमध्ये कितीही समजावलं तरी ते एकदाच झालं. म्हणून त्या मुलासमोर मी पुढच्या गुरुवारी तीच पोझिशन मांडली, काहीही न सांगता, मग तीन आठवड्यांनी पेट्रोफमधली मांडली. दुसऱ्या वेळेला त्यानं घोड्याला हात लावायच्या आधी बोट ई२ वरून वर वर नेत राजापर्यंत आणलं आणि विचारलं, "सर, मधला हा घोडा हलला तर?"