पाना

नट किंवा बोल्टचे डोके पकडून ते आवळायचे वा सैल करायचे हत्यार. इंदूरच्या मराठी घरांत, सियागंजच्या बाजारात आणि पीथमपूरच्या कारखान्यांत शब्द हाच. उघड्या तोंडाचा तो फिक्स पाना, बंद कड्याचा तो रिंग पाना, आणि सॉकेटला, म्हणजे नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या तुकड्याला, इथे सर्रास ‘गोटी’ म्हणतात.

पान्यावरचा आकडा बोल्टची जाडी सांगत नाही. नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर तो मिलिमीटरमध्ये सांगतो. ८ मिमी जाडीच्या बोल्टला १३ चा पाना लागतो, १० च्या बोल्टला १७ चा (नव्या मानकात १६), १२ च्या बोल्टला १९ चा (नव्या मानकात १८). व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या इंची पान्यांची रीत मात्र उलटी: त्यांच्यावर बोल्टचीच जाडी लिहिलेली असते. त्यामुळे जुन्या विलायती यंत्रावर काम करताना फसगत होते. मूळ व्हिटवर्थ मापाच्या अर्ध्या इंची बोल्टचे डोके सुमारे २३.४ मिमी भरते. त्यावर २४ चा पाना बसतो, पण तो बसणे नव्हे. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त मोकळीक राहते, जोर सपाट बाजूवर न पडता कोपऱ्यांवर येतो, आणि दोन-चार झटक्यांत नट गोल होतो. पाना चढवल्यावर आधी हलवून पाहावा. खुळखुळला तर तो त्या नटाचा नाही.

शेवटचा जोर द्यायचा तो रिंग पान्याने किंवा गोटीने, कारण ती सगळ्या कोपऱ्यांना धरतात. फिक्स पाना दोनच बाजू धरतो. त्याचे तोंड दांड्याशी १५ अंशांनी तिरके असते. अडचणीच्या जागी पाना उलटा करून लावला, की ३० अंशांच्या छोट्या हालचालीतही षट्कोनी नट पुढे सरकत राहतो. स्क्रू पाना, म्हणजे जबडा सरकवून माप बदलता येणारा, नाइलाजाचा सोबती. तो वापरावाच लागला तर फिरवायच्या दिशेला सरकता जबडा ठेवावा, म्हणजे मुख्य ताण पक्क्या जबड्यावर पडतो. दातेरी पाइप पाना नटाला लावूच नये, तो कोपरे खातो.

पाना जितक्या मोठ्या मापाचा, तितका त्याचा दांडा लांब असतो. १२-१३ चा पाना वीतभरही नसतो, २४-२७ चा बराच लांब. ही लांबी विचार करून ठरवलेली आहे. आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. जोडणी टिकते ती या ताणावर. ८.८ प्रतीच्या (हा बोल्टच्या मजबुतीचा आकडा) ८ मिमी बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पुरतो. नटापासून १५ सेंमीवर धरून सुमारे १७ किलोचा जोर लावला की तेवढा मिळतो, म्हणजे एका हाताची सरळ ओढ. त्याच पान्यावर पाइपचा तुकडा चढवून अर्ध्या मीटरवरून तेवढीच ओढ दिली, तर टॉर्क तिपटीहून जास्त होतो. मग आटे जातात किंवा बोल्टच तुटतो. ‘अजून थोडा घट्ट’ या हौसेने बिघडलेले काम सैल राहिलेल्या कामाइतकेच धोक्याचे असते.

लावलेल्या टॉर्कचा मोठा भाग, ढोबळमानाने नव्वद टक्के, डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. बोल्ट ताणायला उरतो तो दहावा हिस्सा. म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांवर तसाच वापरला, तर बोल्ट ठरल्यापेक्षा फार जास्त ताणला जातो.

नेमकेपणा हवा तिथे, म्हणजे इंजिनाच्या हेडला किंवा कारच्या चाकाला, टॉर्क रेंच घेतात. ठरलेला टॉर्क आला की त्याची ‘टक्’ हाताला जाणवते. तिथेच थांबायचे, खात्रीसाठी दुसऱ्यांदा ओढायचे नाही. चाकाचे नट एकामागून एक ओळीने आवळत नाहीत. एक झाला की त्याच्या समोरचा घेतात, आणि आधी सगळे हलके बसवून मगच पूर्ण जोर देतात, नाहीतर चाक एका बाजूला तिरके बसते. काम झाल्यावर टॉर्क रेंचचे माप सर्वांत खालच्या आकड्यावर आणून तो पेटीत ठेवतात, म्हणजे आतली स्प्रिंग दबलेली राहत नाही. गंजलेला नट सोडवायला मात्र साधा, लांब दांड्याचा रिंग पानाच घ्यावा.