'आमचे प्रतिनिधी' नेमके कोणाचे? साताऱ्यातल्या आगीच्या चित्रीकरणामागची पार्श्वभूमी

साताऱ्यात कुठे आग लागली की पाच मिनिटांत मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ फिरू लागतात. तरी वाहिनीवर 'ब्रेकिंग'ची लाल पट्टी सरकते ती बहुतेक वेळा एका ठरावीक माणसाचा फोन गेल्यावरच. तो पोवई नाक्याच्या किंवा राजवाड्याच्या आसपास राहतो. त्याच्या गाडीच्या डिकीत तीन-चार वाहिन्यांचे बूम, म्हणजे वाहिनीचं नाव लावलेले माइक, असतात आणि त्यातल्या एकाही वाहिनीच्या पगारपत्रकावर त्याचं नाव नसतं. धंद्यात त्याला स्ट्रिंजर म्हणतात. स्टुडिओतला निवेदक मात्र त्यालाच 'आमचे प्रतिनिधी' म्हणून हाक मारतो. आगीच्या बातम्यांचा इतिहास पाहायचा तर या दोन शब्दांमधून जावं लागतं.

वृत्तपत्रांत ही विभागणी जुनी आहे. पगारावर असतो तो बातमीदार; तालुक्याच्या गावी राहून, आपली शाळा, दुकान किंवा पेपरची एजन्सी सांभाळून बातम्या धाडतो तो वार्ताहर. 'स्ट्रिंजर' हा शब्द इंग्रजी वृत्तपत्रांकडून आला. छापून आलेल्या मजकुराची लांबी दोरीने मोजून पैसे द्यायचे, त्यावरून तो पडला असं सांगतात. दोरी गेली, हिशेब राहिला. बातमी लागली तर पैसे, नाही लागली तर पेट्रोलचा खर्च अंगावर.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुणे परिसराला प्रक्षेपण मिळू लागलं. त्या काळात बातमीचं चित्रीकरण १६ मिलिमीटरच्या फिल्मवर होई. फिल्म धुऊन, कापून, जोडून मगच दाखवता येई, त्यामुळे जिल्ह्याच्या गावातली आग पडद्यावर दिसणं दुर्मीळच होतं. मंत्र्यांचा दौरा आधी ठरलेला असतो, त्याला कॅमेरा वेळेवर पोचतो. आग कोणाला विचारून लागत नाही.

खरा बदल लग्नाच्या शूटिंगने घडवला. नव्वदीच्या दशकात साताऱ्यात, कराडात, वाईत फोटो स्टुडिओवाल्यांनी खांद्यावरचे व्हीएचएस कॅमेरे घेतले. पुढे मिनी-डीव्ही, म्हणजे छोट्या टेपचे कॅमेरे आले. खासगी मराठी वाहिन्यांची बातमीपत्रं सुरू झाली तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी कॅमेरा, लाइट आणि तो हाताळणारा माणूस आयता उपलब्ध होता. वाहिन्यांनी तो नेमला नाही, वापरला. हे वाक्य कडक वाटेल, पण नेमणुकीचं पत्र मिळालेला त्या पिढीतला जिल्ह्यातला एकही स्ट्रिंजर मला भेटलेला नाही.

सातारा जिल्ह्यापुरतं बोलायचं तर या कामाची खरी कसोटी २५ जानेवारी २००५ ला लागली. वाई तालुक्यात मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईची यात्रा होती. अरुंद चढाच्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली, मागोमाग दुकानांना आगी लागल्या, त्यात गॅसचे सिलिंडर फुटले. बळींची संख्या तीनशेच्या घरात गेली. मराठीत तेव्हा २४ तासांची एकही वृत्तवाहिनी नव्हती. ठरावीक वेळेची मराठी बातमीपत्रं होती आणि दिवसभर चालणाऱ्या हिंदी-इंग्रजी वाहिन्या होत्या. जळणाऱ्या दुकानांच्या रांगा डोंगरावर, टेप कॅमेऱ्यात आणि ती पुण्या-मुंबईला पोचवायचा रस्ता यात्रेकरूंनी व गाड्यांनी भरलेला. चेंगराचेंगरीची कारणं शोधायला पुढे चौकशी आयोग नेमला गेला. डोंगरावरून चित्रं खाली आणणाऱ्यांबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलेलं नाही.

टेप पोचवणं हा त्या काळातला अर्धा धंदा होता. आग विझली की अर्धी लढाई संपायची. उरलेली अर्धी एसटी स्टँडवर. पाकिटावर स्केच पेनने बातमीचं नाव आणि 'अर्जंट' लिहायचं आणि स्वारगेटच्या गाडीच्या कंडक्टरला गाठायचं. साताऱ्याहून स्वारगेट ११० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अडीच-तीन तास. तिथे वाहिनीच्या ऑफिसचा मुलगा गाडीचा नंबर बघत उभा. कंडक्टर ओळखीचा नसेल तर एखाद्या प्रवाशाच्या हातापाया पडायचं. पुढे सायबर कॅफेतून एफटीपीने, म्हणजे इंटरनेटवरून फाइल पाठवायच्या पद्धतीने, फीड (चित्रीकरण) चढवता येऊ लागलं. दीड मिनिटाची क्लिप चढायला तास लागायचा, मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

२००७ मध्ये मराठीतली पहिली २४ तासांची वृत्तवाहिनी सुरू झाली, त्याच वर्षी दुसरी आली, २००८ मध्ये आणखी दोन आल्या. आगीच्या बातमीची किंमत इथे एकदम वाढली. २४ तास भरायचे असतात आणि ज्वाळा प्रेक्षकाला पडद्यासमोर थांबवून धरतात. जिल्ह्यातल्या ज्या आगीला आधी दहा सेकंद मिळाले नसते, तिला अर्धा तास मिळू लागला. अट एकच, ज्वाळा दिसल्या पाहिजेत. नुसता धूर आणि काळ्या भिंती असल्या की बातमी खालच्या पट्टीवर जायची.

याचा परिणाम रस्त्यावर झाला. बंब येण्याआधी पोचणं ही स्ट्रिंजरची लायकी ठरू लागली. बंब पोचला, पाण्याचा पहिला मारा बसला की ज्वाळेचा धूर होतो आणि चित्राचं मोल उतरतं. त्यामुळे अग्निशमन केंद्रात, पोलिस कंट्रोलला, साखर कारखान्यावर ओळखी ठेवाव्या लागत. मोठ्या आगीला आमच्याकडे नगरपालिकेच्या बंबाच्या जोडीला कारखान्याचाही बंब बोलावतात, आणि तो निघाला म्हणजे आग मोठी, हे न सांगता कळतं.

आग चित्रित करण्याचं तंत्र कुणी शिकवलं नाही. कॅमेरा ऑटोवर ठेवला की ज्वाळा पांढऱ्याफटक होतात आणि भोवतालचं सगळं काळंठिक्कर. म्हणून आयरिस, म्हणजे लेन्समधून उजेड आत घेणारी झडप, हाताने बंद करत आणायची. धुरात फोकस पुढे-मागे धावतो, तोही हातानेच बांधायचा. वारा पाठीशी घ्यायचा. मिरचीचं गोदाम असेल तर दोन गल्ल्या लांबूनच डोळे सांगतात. सिमेंटचे पत्रे तापले की फटाक्यासारखे फुटतात आणि तुकडे उडतात, त्या छपराच्या जवळ जायचं नाही. महावितरणने परिसराची लाइन बंद केली की गल्ली अंधारात जाते, मग उजेड फक्त आगीचा. हे सगळं प्रत्येकाने अंगावर घेऊनच शिकलंय. हेल्मेट दुचाकीचं, तोंडाला रुमाल, विमा कशाचाच नाही.

एक रात्र विसरता येत नाही. शहरातल्या एका पेठेत फर्निचरचं दुकान पेटलं होतं. उष्णतेने शटर फुगून खाचेत अडकलेलं. समोरच्या पायरीवर दुकानाचे म्हातारे मालक बसले होते, हातात शटरच्या किल्ल्यांचा जुडगा. आता त्या किल्ल्यांनी काही उघडणार नव्हतं, तरी ते एक-एक किल्ली बाजूला करून बघत होते. मी कॅमेरा त्यांच्या हातावर नेला. तेवढ्यात वाहिनीच्या डेस्कचा फोन आला. पहिला प्रश्न होता, "ज्वाळा अजून आहेत ना?" मालकांचं कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, म्हणजे बाइट, अजून घ्यायचा होता. मी म्हणालो, "आहेत, पण मालकांचा बाइट..." पलीकडून उत्तर आलं, "बाइट नंतर." बातमी लागली त्यात तो हात नव्हता. त्या बातमीचे काहीशे रुपये चार महिन्यांनी आले.

शहराबाहेरच्या आगींची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी ते मे या काळात अजिंक्यताऱ्यावर, यवतेश्वर-कासच्या पठारावर वणवे लागतात. रात्री ती लाल रेघ खालून शहरातूनही दिसते. वणव्याची बातमी क्वचितच लागते, कारण नुकसानीचा आकडा लगेच सांगता येत नाही. गवत, अंडी, सरपटणारे जीव यांचा पंचनामा होत नाही. उसाच्या फडाची आग तर वाहिनीच्या दृष्टीने नित्याचीच. तारा एकमेकींना घासून ठिणगी पडते, दोन-चार एकर ऊस तासाभरात जळतो आणि जळका ऊस कारखान्याला गेला की दरात कपात होते. तिथे व्हिडिओ वाहिनीपेक्षा शेतकऱ्यालाच जास्त हवा असतो. वीज कंपनीकडे भरपाई मागताना तो दाखवता येतो. "दादा, एक कॉपी द्या की," हे वाक्य प्रत्येक स्ट्रिंजरने बांधावर ऐकलेलं आहे, आणि बहुतेकांनी ती कॉपी फुकट दिलेली आहे.

२०१६ नंतर फोरजी आणि स्वस्त डेटा आला. टेप गेली, कंडक्टर गेला, एफटीपीही गेलं. आता फीड व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पडतं. एकाने काढलेलं चित्र सगळ्यांच्या बूमखाली जातं. त्यात फायदा आहे: पाच जणांनी आगीत शिरण्यापेक्षा एकाने शिरावं. तोटाही आहे: ज्याने काढलं त्याचं नाव पहिल्याच फॉरवर्डला गळून पडतं. शिवाय तिथे आता प्रत्येक बघ्या मोबाइल धरून असतो. बंबाला वाट मिळत नाही, याचा राग अग्निशमन दलाचे जवान आणि दुकानाची माणसं दोघंही काढतात ते बूम हातात असलेल्यावर. "कॅमेरा बंद कर" हे सुरुवातीला शब्दांत असतं, नंतर हाताने.

आणि इथेच या सगळ्या इतिहासातला सर्वांत गुंतलेला शब्द येतो: मुख्य व्यवसाय.

श्रमिक पत्रकारांचा केंद्रीय कायदा १९५५ चा. त्यात श्रमिक पत्रकार कोण, तर ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो त्या कामावर नोकरीस आहे तो. कायदा वृत्तपत्रांपुरता होता. तेव्हा दूरचित्रवाणीच नव्हती, ती आल्यावरही कायद्यात आली नाही. नंतरच्या दुरुस्तीने अर्धवेळ काम करणाऱ्यालाही दार उघडलं, पण मुख्य व्यवसायाची अट तशीच राहिली.

महाराष्ट्राने पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी वेगळा कायदा २०१७ मध्ये विधिमंडळात मंजूर केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१९ मध्ये आला. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तपास पोलिस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे नाही. त्यात दूरचित्रवाणीच्या कॅमेरामनचा स्पष्ट उल्लेख आहे, नियमित आणि कंत्राटी दोन्ही प्रकारचे धरले आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांत त्याचं स्वागत झालं ते रास्तच होतं. पण व्याख्येची सुरुवात पुन्हा त्याच शब्दांनी होते. ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे तो.

स्ट्रिंजरचा मुख्य व्यवसाय कोणता? मिळकत पाहिली तर फोटो स्टुडिओ, लग्नाच्या ऑर्डरी, झेरॉक्सचं दुकान. दिवसाचे तास पाहिले तर बातमी. गाव ज्या नावाने ओळखतं ते पाहिलं तरीही बातमी. कंत्राटी म्हणावं तर कंत्राट कागदावर हवं. त्याच्याकडे आहे तो बूम, ओळखपत्र असलंच तर मुदत संपलेलं, आणि निवेदकाने हजारो घरांत ऐकू जाईल असं उच्चारलेलं 'आमचे प्रतिनिधी'. वाहिन्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात पगारी माणूस ठेवणं परवडत नाही, आणि एकाच माणसाने चार वाहिन्यांना बातमी दिली तर त्याचा मालक कोण, हा प्रश्न खोटा नाही. तरीही पडद्यावर ज्याला प्रतिनिधी म्हणता, तो कागदावर प्रतिनिधी नसतो, ही गोष्ट मला अन्यायाचीच वाटते. सरकार पत्रकाराला देतं त्या अधिस्वीकृतीपत्रिकेच्या अर्जाला हेच अडतं, कारण संस्थेचं पत्र लागतं.

केंद्राच्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक कामगार संहितेने इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमं श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत घेतली. ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. १९५५ पासूनची एक मोठी फट त्याने बुजली. मुख्य व्यवसाय हे शब्द मात्र याही व्याख्येत कायम आहेत.

याच काळात स्ट्रिंजरचं चित्र दुसऱ्याच ठिकाणी मोलाचं ठरू लागलं आहे. आगीच्या विम्याच्या दाव्यात सर्व्हेअर व्हिडिओ मागतो. घातपाताचा संशय असेल तर पोलिस मागतात. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. आधी ते पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली आहे. चित्रीकरणाचं साधन ज्याच्या ताब्यात होतं त्याची सही त्यावर लागते. वाहिनीकडे मूळ फाइल नसते, मोबाइल स्ट्रिंजरचा असतो. म्हणून पोलिस ठाण्यात बोलावणं त्यालाच येतं.

जबाबाच्या सुरुवातीला नाव, वय, व्यवसाय, पत्ता असतं. हवालदार विचारतो, "व्यवसाय काय लिहू?" आमच्यातले बहुतेक जण सांगतात, "फोटो स्टुडिओ लिहा."