वॉरंटी संपली म्हणून सीटचा रिकॉल संपत नाही

सीटच्या रिकॉलचा, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याचा, विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, "माझी तर वॉरंटी संपली, आता कोण करून देणार?" आणि मग तोच माणूस नाशिकच्या अंबडला ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन सीटची रेल, म्हणजे सीट जिच्यावर सरकते ती पट्टी, वेल्डिंग करून घेतो. प्लीज असं करू नका. ब्रेक दाबल्यावर तुमचं सगळं वजन ज्या रेलवर आणि लॉकवर येतं तिथे वेल्डिंग हा उपाय नाहीच.

वॉरंटी काय असते ते सगळ्यांना माहितीये. ठरलेली वर्षं, ठरलेले किलोमीटर, आत बसलात तर काम फुकट. सीटचा फोम दबला, शिलाई उसवली, हे सगळं तिकडे.

रिकॉलमध्ये तुमच्या किलोमीटरचा संबंधच नाही. एका ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांमध्ये दोष असू शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो हे कंपनी स्वतः मान्य करते, त्यामुळे रिकॉल मालकाला नाही तर चेसिस नंबरला चिकटलेला असतो. गाडी तीन हात फिरून तुमच्याकडे आली असेल, सर्व्हिस कायम बाहेर केली असेल, तरी नंबर यादीत असेल तर पार्ट आणि मजुरी दोन्ही कंपनीची.

उदाहरणच घ्या. मारुतीने जानेवारी २०२३ मध्ये ११,१७७ ग्रँड विटारा बोलावल्या, मागच्या सीटबेल्टचे ब्रॅकेट कालांतराने ढिले होऊ शकतात म्हणून. गाड्या कोणत्या, तर ८ ऑगस्ट ते १५ नोव्हेंबर २०२२ दरम्यान बनलेल्या. तेव्हाची साधी वॉरंटी दोन वर्षं किंवा ४०,००० किमी, म्हणजे ती कधीच संपली, पण तेवढ्यावरून या कामाला कोणी नाही म्हणू शकत नाही. आणि बघा, तारीख बनल्याची आहे, पासिंगची नाही. नोव्हेंबरमध्ये बनलेली गाडी जानेवारीत पासिंग झाली की लोक म्हणतात "आपली तर २०२३ ची, आपल्याला लागू नाही", आणि तिथेच फसतात. आरसीवर बनल्याचा महिना-वर्ष असतं ते बघा, पण खरं उत्तर फक्त १७ अक्षरी चेसिस नंबरच देतो, तो कंपनीच्या साइटवर टाका.

सेकंड हँड घेणाऱ्यांनी तर हे केलंच पाहिजे. मुंबई-पुण्याकडची गाडी घेऊन नाशिकची एमएच १५ करून घेतली तरी कंपनीकडे फोन नंबर जुन्याच मालकाचा असतो, मेसेज त्यालाच जातो, तुम्हाला कोण सांगणार? सर्व्हिस सेंटरला जाऊन नाव-नंबर बदलून घ्या.

कायद्याचं थोडक्यात: २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं, नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सरकार रिकॉलचा आदेश काढू शकतं आणि कंपनीला दंड एक कोटीपर्यंत. लोक ही सात वर्षं वॉरंटीसारखी वाचतात, ते चूक. ती सरकारच्या आदेशाची मर्यादा आहे, कंपनीने आधीच जाहीर केलेल्या रिकॉलचं बिल तुम्हाला लावायचं कारण नाही.

अजून एक, माझा ठाम आग्रह. सीट पुढे-मागे करताना लॉक पकडत नसेल आणि रिकॉल जाहीर नसेल तर गप्प बसू नका. वॉरंटीत असेल तर तिथे करा, नसेल तर पैसे देऊन ओरिजिनल पार्ट टाका, पण सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर तक्रार मात्र नोंदवाच, कारण सरकार रिकॉलचा विचार करतं ते अशाच तक्रारी मोजून. एकट्याचा प्रॉब्लेम म्हणून प्रत्येकजण कसारा घाट हलत्या सीटवर उतरत राहिला तर तक्रारींचा आकडा वाढणार कसा?

काम झालं की जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीवर) रिकॉलचं काम म्हणून लिहून घ्या. आणि सीटला साइड एअरबॅग असेल तर जुनं आवळून शिवलेलं कव्हर परत चढवू नका, एअरबॅग उघडायची शिवण त्याखाली दाबली जाते.