मिमूनाच्या रात्रीचे पीठ : मोरोक्कोतील ज्यू-मुस्लिम शेजार

वल्हांडण, म्हणजे खमीरयुक्त पदार्थ वर्ज्य असणारा ज्यूंचा सण, संपल्याच्या संध्याकाळी मोरोक्कोतील ज्यू घरांत मिमूना साजरी होई, तेव्हा घरात पीठ किंवा खमीर नसे. ते दूध, लोणी आणि मधासह मुस्लिम शेजारी घेऊन येत. सणाआधी घरातले खमीरयुक्त जिन्नस त्यांनाच विकलेले किंवा सांभाळायला दिलेले असत. एकाच्या धर्मनियमाचे पालन असे दुसऱ्याच्या हातून पूर्ण होई.

या शेजाराला गृहीतकांची चौकटही होती आणि ती ‘मेल्लाह’, म्हणजे ज्यू मोहल्ला, या शब्दात साठलेली आहे. १४३८ मध्ये फेज शहरातील ज्यूंना जुन्या वस्तीतून हलवून राजवाड्यालगत वसवण्यात आले. त्या जागेचे ‘मेल्लाह’ हे नाव मिठाशी, बहुधा तिथल्या खाऱ्या जमिनीशी, संबंधित होते आणि पुढे देशभरातल्या ज्यू मोहल्ल्यांना तेच लागले. बंडखोरांची छाटलेली मुंडकी खारवण्याचे काम ज्यूंवर लादले जाई म्हणून हे नाव पडले, ही कथा मात्र नंतरची आहे. तरीही ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, कारण ज्यूंचे स्थान खालचे हे ऐकणाऱ्याने आधीच धरलेले असे. स्थलांतर संरक्षणासाठी होते की वेगळे काढण्यासाठी, हा वाद मिटलेला नाही. मोहल्ल्याचा रात्री बंद होणारा दरवाजा दोन्ही कामे करतो. परंतु तो निर्णय दरबाराचा होता, शेजाऱ्यांचा नव्हे, हे इथे ठासून सांगायला हवे. १८०७ च्या सुमारास तेतुआन, रबात आणि साले येथेही असेच मोहल्ले सक्तीने वसले. दुसरीकडे, दुष्काळात पावसासाठी ज्यूंनी प्रार्थना करावी अशी विनंती मुस्लिम करीत. ज्याला दुय्यम मानले, त्याच्याच प्रार्थनेवर हा भरवसा होता.

१९४० मध्ये फ्रेंच अमलाखाली ज्यूविरोधी कायदे आले. जून १९४८ मध्ये उज्दा आणि जरादा येथील दंगलींत चाळीसहून अधिक ज्यू मारले गेले. त्या वेळी देशात सुमारे अडीच लाख ज्यू होते. १९५६ च्या स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६१ ते १९६४ या काळात, मोठ्या संख्येने कुटुंबे निघून गेली आणि आज दोन-तीन हजारच लोक उरले आहेत. इस्राएलमध्ये मिमूना सार्वजनिक उत्सव झाली, मात्र पीठ घेऊन येणारा शेजारी तिथे बहुधा नव्हता. २००७ मध्ये मोरोक्कोतील मुस्लिम विद्यार्थ्यांनी त्याच सणाच्या नावाने एक मंडळ काढले. ॲटलास पर्वतातील अनेक गावांत आता एकही ज्यू घर नाही, पण दफनभूमीची किल्ली मुस्लिम राखणदाराकडे असते आणि काही ठिकाणी ती बापाकडून मुलाकडे आली आहे.