एका बल्बच्या तारेपासून कॅनच्या जोडीपर्यंत: सीटबेल्टच्या बिघाडामागचा इतिहास

पावसाळ्यात मुंबईतल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते. डॅशबोर्डवर एअरबॅगची लाइट पेटूनच राहते, पट्टा लावला तरी सीटबेल्टची खूण जात नाही आणि कोड वाचणारा स्कॅनर यू ०१५१ दाखवतो, म्हणजे एअरबॅग मॉड्यूलशी (एअरबॅग सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाशी) संपर्क तुटला. कोड वाचून थेट मॉड्यूलच बदलले जाते आणि एवढा खर्च करूनही लाइट तशीच राहते. ही चूक का होते ते समजायला पट्ट्यात तारा कशा शिरल्या हे पाहावे लागते.

१९५९ साली व्होल्वोत निल्स बोहलिन यांचा तीन टोकांचा पट्टा आला, तेव्हा त्यात विजेचा संबंध नव्हता. पुढे बकलमध्ये, म्हणजे पट्टा अडकतो त्या खाचेत, स्विच बसला आणि तिथून बल्बपर्यंत साधी तार गेली. ती तपासायला टेस्ट लॅम्प, म्हणजे तारेत वीज आहे का ते दाखवणारा छोटा दिवा, पुरत असे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मर्सिडीजने एअरबॅगच्या जोडीला प्रीटेन्शनर दिला. धडक बसताच त्यातली छोटी स्फोटक कुपी पेटते आणि सैल पट्टा काही मिलिसेकंदांत आवळला जातो. तेव्हापासून पट्टा एअरबॅग मॉड्यूलच्या ताब्यात गेला आणि टेस्ट लॅम्प धोक्याचा ठरला, कारण त्यातून जाणारा करंट कुपी पेटवू शकतो.

१९८६ साली बॉशने कॅन ही पद्धत मांडली. प्रत्येक माहितीसाठी वेगळी तार ओढण्याऐवजी पीळ घातलेल्या दोन तारांवर सगळी मॉड्यूल बोलू लागली. भारतात पुढच्या सीटचे पट्टे १९९४पासून गाड्यांत सक्तीचे झाले, पण बझरसह आठवण करून देणारी यंत्रणा नव्या गाड्यांत १ जुलै २०१९पासून बंधनकारक झाली. हा बझर वेगावर चालतो. बहुतेक गाड्यांत बकलची खबर एअरबॅग मॉड्यूलकडे जाते, वेग एबीएस (ब्रेकच्या) मॉड्यूलकडून येतो आणि दोन्ही कॅनवरून डॅशबोर्डला पोहोचतात. त्यामुळे पट्ट्याची तक्रार दिसली तरी दोष पट्ट्यातच असेल असे नाही.

सप्टेंबर २०२२मध्ये पालघरजवळच्या अपघातात मागच्या सीटवर बसलेले सायरस मिस्त्री गेले. १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा केला. दुर्दैवाने, बझर बंद करणाऱ्या नकली क्लिपाही तोवर सर्रास विकल्या जात होत्या. २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यांची ऑनलाइन विक्री थांबवायला लावली. तपासणीला आलेल्या गाडीत अशी क्लिप असेल तर आधी ती काढा. ती असेपर्यंत बकलचा स्विच खरे सांगतोय की नाही हे कळणारच नाही.

आता मूळ मुद्दा. यू कोड, म्हणजे संपर्क तुटल्याचा कोड, नोंदवणारे मॉड्यूल चालू असते, ते फक्त गप्प झालेल्या साथीदाराचे नाव सांगते. साथीदार का गप्प झाला, हे त्याला ठाऊक नसते. वीज मिळाली नाही, अर्थची (गाडीच्या बॉडीला जोडणारी) तार सैल झाली किंवा तार कुजली, तरी कोड एकच येतो. म्हणून आधी फ्यूज आणि अर्थ पाहा. इग्निशन चालू असताना मॉड्यूलची अर्थची तार आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यात ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर दोष तिथेच शोधा.

मग बॅटरी काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. तो दिलेला नसेल तर निदान ३ मिनिटे, कारण मॉड्यूलमधले कपॅसिटर चार्ज धरून असतात. ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतात त्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये साधारण ६० ओहम यायला हवेत, कारण कॅनच्या दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटले आहे, शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. पण इथेच पुष्कळ जण फसतात. एअरबॅग मॉड्यूल बहुधा मधल्या फाट्यावर असते. तो फाटा तुटला तरी सॉकेटवर ६०च दिसतात. अनेक नव्या गाड्यांत तर मध्ये गेटवे (संदेश पुढे पाठवणारे मॉड्यूल) असल्याने सॉकेटवरून पलीकडचे काहीच मोजता येत नाही. म्हणून मॉड्यूलचा कपलर (तारा जोडणारा प्लग) काढून तारांकडच्या बाजूच्या कॅनच्या पिनांवर पुन्हा मोजा.

मुंबईत दोष बहुतेक कार्पेटखाली सापडतो. तुंबलेले पाणी उतरते, वरचा कपडा दोन दिवसांत वाळतो, पण खालचा फोम आठवडेच्या आठवडे ओला राहतो. सीटखालचा पिवळा कपलर उघडला की टर्मिनलवर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो आणि तार किंचित ओढली तरी हातात येते. मॉड्यूलही बहुधा मधल्या कन्सोलखाली, त्याच उंचीवर असते.

बी कोड असतील तर ते संपर्काचे नव्हेत, बकल किंवा प्रीटेन्शनरच्या सर्किटचे असतात. प्रीटेन्शनरवर मल्टिमीटर कधीही लावू नये. बॅटरी काढलेली असतानाच त्याच्या जागी सुमारे २ ओहमचा डमी रेझिस्टर जोडा. मग बॅटरी जोडून पुन्हा तपासल्यावर कोड गेला तर प्रीटेन्शनर खराब आहे, राहिला तर तार किंवा कपलर. त्या कपलरमध्ये शॉर्टिंग बार असतो, सुटल्यावर दोन्ही पिना जोडून ठेवणारा. तो वाकला किंवा गंजून अडकला तर जोडल्यावरही शॉर्टचा कोड येतो.

बॅटरी पुन्हा काढून, तेवढाच वेळ थांबून डमी काढला, सगळे कपलर कुलूपबंद झाले, सीटचे बोल्ट आवळले की शेवटी बॅटरी जोडावी. गाडीत कोणी बसू नये, दार उघडे ठेवून बाहेरूनच इग्निशन चालू करावे आणि मगच कोड पुसावेत.