जागतिक बँकेचा पैसा: कर्ज की अनुदान?

पोकरा या सरकारी शेती प्रकल्पात कुणाचं शेततळं झालं, शेडनेट उभं राहिलं, की पारावर ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "जागतिक बँकेनं फुकट देलं." फुकट काहीच नाही. ते कर्ज आहे.

अनुदान काय असतं, हे शेतकऱ्याला समजवायला नको. घोळ होतो तो एकाच पैशाला दोन नावं असल्यामुळे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे आपला पोकरा, 2018 चा. पश्चिम विदर्भातले पाच जिल्हे आणि वर्धा त्यात आले, पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टाही आला. पहिल्या टप्प्याचे सुमारे 4,000 कोटी. त्यातले 70 टक्के, म्हणजे 42 कोटी डॉलर, बँकेचं कर्ज आणि 30 टक्के राज्याचे. तुमच्या खात्यात पडतं ते अनुदान, पण मंत्रालयाच्या हिशेबात तोच पैसा कर्ज. बोजा तुमच्या सातबाऱ्यावर चढत नाही, राज्याच्या तिजोरीवर चढतो.

कर्ज केंद्रामार्फत येतं, पण फेडायचं राज्याने, तेही डॉलरच्या भावाने. 2018 च्या सुरुवातीला डॉलर 65 रुपयांच्या आसपास होता. पुढे तो 80 च्या वर गेला. म्हणजे व्याज बाजूला ठेवलं तरी तेव्हा उचललेली मुद्दलच सवाईने फेडायची.

बँक खर्चाचे कागद पाहून पैसा सोडते, म्हणून पोकरात इतकी कागदपत्रं. पूर्वसंमतीच्या आधी सामान उचललं, पक्कं बिल नाही किंवा खातं आधारशी जोडलेलं नाही, की प्रस्ताव अडकलाच. मग शिव्या कृषी सहायकाला!

शाळांसाठीचा 'स्टार्स' प्रकल्पही कर्जच: 50 कोटी डॉलर, सहा राज्यं, त्यात महाराष्ट्र. तिथे ठरलेले निकाल दिसले तरच हप्ता सुटतो. खरं अनुदान पाहायचं तर क्षयरोग, एचआयव्ही आणि मलेरियासाठीचा ग्लोबल फंड. तो पैसा परत करायचा नसतो, हिशेब मात्र चोख द्यावा लागतो.

कागदावर 'आयबीआरडी', म्हणजे जागतिक बँकेची कर्ज देणारी शाखा, दिसलं की कर्ज समजायचं. बोधचिन्हाच्या फलकावरून काही ठरवू नका, फलक दोन्हींचे सारखेच चकचकीत.

आणि स्वयंसेवी संस्थांच्या एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, खात्याचा इथे संबंध नाही. त्या कायद्याच्या 'विदेशी स्रोत' या व्याख्येतून जागतिक बँक वगळलेली आहे. पोकराच्या पैशावरून गावातल्या संस्थेकडे संशयाने पाहणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.