मोठ्या कुटुंबाची मॉरिशस सहल : आरक्षणापूर्वी वाचावे

आजी-आजोबांपासून कडेवरच्या नातवंडांपर्यंत पंधरा-वीस माणसे एकत्र निघतात, तेव्हा सहलीचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला झेपेल तेवढाच असावा, असे आमचे ठाम मत आहे. म्हणूनच दर दोन दिवसांनी मुक्काम हलवण्याचा कार्यक्रम आम्ही आखत नाही. बेटाची उत्तर-दक्षिण लांबी जेमतेम 65 किलोमीटर असल्याने स्वयंपाकघर असलेला एकच मोठा बंगला घेऊन रोज कोठेही जाऊन परत येता येते आणि ज्यांना एखाद्या दिवशी घरीच पडून राहायचे असेल, त्यांचीही अडचण होत नाही.

मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे आपल्या शाळांना मे महिन्यात सुट्टी लागते, तेव्हा तिकडे उन्हाळा सरून हवा सुखद झालेली असते. मात्र पुढे थंडीच्या महिन्यांत आग्नेयेकडून येणारे वारे पूर्व किनाऱ्यावर जोराने वाहतात, तर मधल्या पठाराच्या आडोशामुळे पश्चिमेचा फ्लिक-आँ-फ्लाक परिसर बराच शांत राहतो. वृद्धांसाठी आम्ही तोच सुचवतो. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने शक्यतो टाळावेत.

बेटाभोवती जवळजवळ सर्वत्र प्रवाळाचे कडे असल्याने आतले पाणी बहुतेक ठिकाणी उथळ असते, तरीही पायाला प्रवाळ कापतो. त्यामुळे मुलांसाठी पाण्यात घालायचे रबरी बूट घ्यावेत. गंगा तलाव पठारावर आहे आणि तेथे धुके व गारवा असतो. 108 फुटी शंकराची मूर्ती पाहताना ज्येष्ठांच्या अंगात स्वेटर हवाच.

खाण्याची चिंता नसावी. रस्त्यावर मिळणारी डालपुरी, म्हणजे पुरणपोळीसारखीच डाळ भरलेली परंतु गोड नसलेली मऊ पोळी, दोन-दोनच्या जोडीने, रस्सा व चटणी घालून गुंडाळून देतात.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट मात्र गडबडीत उरकू नये. 1834 पासून भारतातील मजूर उसाच्या मळ्यांसाठी येथील दगडी पायऱ्यांवरून उतरले; मराठी कुटुंबेही याच ओघात आली, आणि आज गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते.

आरक्षण करताना प्रत्येकाचे वय, पथ्य, नेहमीची औषधे आणि जिने चढण्याची तयारी लिहून द्यावी. तळमजल्यावरच्या खोल्या आम्ही त्यावरूनच ठरवतो. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी बाळगावी.